मेंदूची तालीम आणि तिचे कारभारी

मनुष्याचे आयुर्मान जसजसे वाढत गेले, तसतशी त्याच्या मनातील एक धास्तीही वाढत गेली. शरीर थकले तरी चालेल, गुडघे कुरकुरले तरी सोसता येईल. परंतु बुद्धी शाबूत राहावी, आपली माणसे अखेरपर्यंत ओळखता यावीत आणि आपले व्यवहार आपल्याच हाती असावेत, ही इच्छा साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या अंतःकरणात वास करीत असते. या इच्छेच्या आश्रयाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवा धंदा उदयास आला आहे. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर रोज थोडा वेळ ठरावीक व्यायाम करावेत, म्हणजे स्मरण, अवधान आणि विचारांची चपळता टिकून राहील, असे आश्वासन देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत; आणि हे आश्वासन विश्वसनीय वाटावे म्हणून आपल्या संचालकांची व सल्लागारांची नावे, त्यांच्या पदव्या आणि पारितोषिके यांसह, त्या अगत्याने प्रसिद्ध करीत असतात. ग्राहकही बहुधा त्या नावांकडे पाहूनच निश्चिंत होतो. म्हणून ही माणसे कोण, त्यांनी काय केले आणि त्यांच्या नावांवर किती भिस्त ठेवावी, याची चौकशी करणे अगत्याचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को येथील ‘पॉझिट सायन्स’ या कंपनीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. कारण विज्ञान आणि व्यापार एका छपराखाली नांदू लागले म्हणजे जे जे बरे आणि जे जे बिकट घडते, त्या सर्वांचे दप्तर या एकाच कंपनीच्या इतिहासात पाहावयास मिळते.

या कंपनीचे मूळ पुरुष म्हणजे मायकेल मर्झेनिक. १९४२ साली ओरेगन राज्यातील लेबनन या लहानशा गावी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात व्हर्नन माउंटकॅसल यांच्या हाताखाली शिक्षण घेतले आणि १९७१ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान फ्रान्सिस्को येथील वैद्यक विभागात आपली प्रयोगशाळा उभारली. त्या काळी मज्जाशास्त्रात असे दृढ मत होते की, मेंदूची रचना बालपणातील एका निर्णायक कालखंडात घडते आणि त्यानंतर ती जवळजवळ कायम होते. डेव्हिड हबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरांच्या पिलांवर केलेल्या संशोधनाने या मताला बळकटी दिली, आणि त्या दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. अशा प्रतिष्ठित मताला आव्हान देणे हे धारिष्ट्याचे काम होते, आणि ते मर्झेनिक यांनी वादविवादाने नव्हे, तर प्रयोगाने केले.

जॉन कास या सहकाऱ्यासमवेत त्यांनी माकडाच्या हाताची एक प्रमुख नस तोडली आणि तळहाताच्या ज्या भागाची वार्ता त्या नसेवाटे मेंदूला पोहोचत असे, त्या भागाच्या वाट्याची मेंदूतील जागा आता काय करते, हे पाहिले. प्रचलित मताप्रमाणे ती जागा ओस पडावयास हवी होती. प्रत्यक्षात हाताच्या शेजारच्या त्वचेने ती हळूहळू आपल्या अंमलाखाली आणली. पुढे १९९० मध्ये विल्यम जेन्किन्स यांच्यासह प्रसिद्ध केलेला प्रयोग तर अधिकच विलक्षण आहे. माकडापुढे खाचा पाडलेली एक फिरती तबकडी ठेवलेली असे. बोटांची अग्रे तिच्यावर अलगद, न फार दाबता न सुटू देता, काही क्षण टेकवून ठेवली की त्याला खाऊ मिळे. पुष्कळ दिवस हा सराव चालल्यानंतर मेंदूच्या नकाशात नेमक्या त्याच बोटांच्या अग्रांची जागा विस्तारलेली आढळली. त्याच प्रयोगशाळेतील पुढच्या कामातून आणखी एक मर्म हाती आले. त्वचेला तोच स्पर्श होत असतानाही माकडाचे चित्त दुसरीकडे गुंतलेले असेल, तर मेंदूत तसा पालट होत नाही. अवधान, पुनरावृत्ती आणि योग्य वेळी मिळालेले बक्षीस या तिहींच्या संयोगाने प्रौढ मेंदूही घडतो, हा सिद्धांत येथून निघाला, आणि पुढे कंपनीने जे व्यायाम तयार केले त्यांचा पाया हाच आहे.

मर्झेनिक यांच्या शास्त्रीय कर्तृत्वाविषयी शंका घेण्यास जागा नाही. बधिर व्यक्तींना ध्वनीचे ज्ञान करून देणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या निर्मितीत त्यांच्या गटाचा मोठा वाटा असून त्याबद्दल २०१५ मध्ये रस पारितोषिकाने ज्या पाच जणांचा गौरव झाला, त्यांत ते होते. आणि अनुभवाने मेंदू कसा घडतो या संशोधनासाठी २०१६ चे काव्हली पारितोषिक त्यांना ईव्ह मार्डर आणि कार्ला शॅट्झ यांच्यासह लाभले. परंतु प्रयोगशाळेतील सत्य आणि बाजारात विकावयाची वस्तू यांच्यामध्ये जे अंतर असते, ते पारितोषिकांनी तोडता येत नाही, आणि याचा अनुभव त्यांच्या पहिल्याच उद्योगात आला. १९९६ मध्ये पॉला टॅलाल, जेन्किन्स आणि स्टीव्ह मिलर यांच्यासह त्यांनी ‘सायंटिफिक लर्निंग’ ही कंपनी स्थापन केली. ज्या मुलांना वाचन आणि भाषा जड जाते, त्यांच्या कानांना जलद ध्वनी ओळखण्याचा सराव द्यावा, म्हणजे भाषाही सुधारेल, अशी तिच्या ‘फास्ट फॉरवर्ड’ या कार्यक्रमाची उपपत्ती होती. हा कार्यक्रम अनेक शाळांत गेला. परंतु २०११ मध्ये स्ट्राँग, टॉर्गरसन, हल्म आदी संशोधकांनी उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा मुलांच्या वाचनावर वा बोलीवर या कार्यक्रमाचा परिणाम होतो, असा पुरावा त्यांना आढळला नाही. संस्थापक मोठा आणि उपपत्ती सुंदर असली, तरी निकाल पुराव्यानेच लागतो, हा धडा येथे मिळतो.

पॉझिट सायन्स हा त्यांचा दुसरा उद्योग, आणि तो वृद्धांसाठी होता. चालू शतकाच्या आरंभी जेफ झिमन यांच्या सहकार्याने त्यांनी तो सुरू केला. झिमन यांनी अध्यक्षपद सांभाळले, तर मर्झेनिक शास्त्रीय बाजूचे मुख्य राहिले. पुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आली ते हेन्री मान्की हे मर्झेनिक यांच्याच प्रयोगशाळेत डॉक्टरेट मिळवलेले. मध्यंतरी ते व्यवस्थापन सल्लागाराच्या व्यवसायात गेले, आणि पुन्हा गुरूंच्या बोलावण्यावरून कंपनीच्या संशोधनात परतले. निरोगी वृद्धांच्या स्मरणशक्तीवरील या व्यायामांचा परिणाम तपासणारा २००६ चा जो निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला, त्याचे प्रथम लेखक मान्कीच होते. अशा रीतीने एक शास्त्रज्ञ, एक व्यवस्थापक आणि दोन्ही क्षेत्रांत वावरलेला एक शिष्य, अशी ही त्रयी होती. कंपनीचे ‘ब्रेनएचक्यू’ हे नाव आज ज्या व्यायामांना लाभले आहे, त्यांतील सर्वांत महत्त्वाचा व्यायाम मात्र या तिघांपैकी कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो बाहेरून आला, आणि तो घेऊन आलेली सल्लागार ही या कथेतील कळीची व्यक्ती आहे.

अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील मानसशास्त्रज्ञ कार्लीन बॉल यांनी, वेस्टर्न केंटकी विद्यापीठातील डॅनियल रोएन्कर यांच्यासह, ‘उपयुक्त दृष्टिक्षेत्र’ या कल्पनेवर दीर्घकाळ काम केले होते. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या तक्त्यावर पुरेपूर गुण मिळवणारा वृद्ध गाडी चालवताना अपघात का करतो, या व्यावहारिक प्रश्नापासून त्यांचा शोध सुरू झाला. पडद्याच्या मध्यभागी क्षणमात्र एक मोटार चमकते, आणि त्याच क्षणी कडेला कोठेतरी एक विशिष्ट खूण उमटते. दोन्ही नाहीशी झाल्यावर मध्यभागी दोन गाड्यांपैकी कोणती होती आणि खूण कोणत्या दिशेस होती, हे सांगावयाचे. उत्तर बरोबर आले की चित्र अधिक अल्पकाळ दिसते, चुकले की थोडे अधिक. पुढे खुणेभोवती तिच्यासारख्या भासणाऱ्या इतर चिन्हांचा गोंधळ वाढवला जातो, दोन गाड्या अधिकाधिक सारख्या होत जातात, आणि मध्य व परिघ यांकडे एकाच वेळी चित्त देण्याची ताकद अशी हळूहळू घासून पारखली जाते. हा व्यायाम तयार करणारी बॉल आणि रोएन्कर यांची कंपनी पुढे पॉझिट सायन्सने विकत घेतली, आणि बॉल तिच्या शास्त्रीय सल्लागार मंडळात आल्या.

या व्यायामाला जी मान्यता आहे ती ‘ॲक्टिव्ह’ या संशोधनामुळे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत अमेरिकेतील सहा ठिकाणांच्या, ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या २,८३२ स्वावलंबी वृद्धांची यदृच्छया चार गटांत विभागणी केली गेली. एकास स्मरणाचे, दुसऱ्यास तर्काचे, तिसऱ्यास वेगाने ग्रहण करण्याचे शिक्षण दिले आणि चौथ्यास काहीच दिले नाही. शिक्षण म्हणजे सहा आठवड्यांच्या आत साधारण सव्वा तासाच्या दहा बैठका. काहींना पुढे उजळणीच्या बैठका. खर्च सरकारी संस्थांनी केला होता, ही बाब महत्त्वाची. २००२ मध्ये पहिला अहवाल आला, तेव्हा असे दिसले की, जो जे शिकला त्यातच तो सुधारला; स्मरणाचा अभ्यास केल्याने तर्क वाढला नाही, अथवा तर्काच्या अभ्यासाने वेग वाढला नाही. २०१७ मध्ये जेरी एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला, त्यात वेगाचे शिक्षण घेतलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका शिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत २९ टक्क्यांनी कमी आढळला. स्मरण आणि तर्क यांच्या गटांत मात्र असा निश्चित फरक दिसला नाही.

हा आकडा वाचताना सावधगिरी बाळगावी लागते. २९ टक्के याचा अर्थ शंभरांपैकी एकोणतीस जण वाचले असा नाही. या विश्लेषणात घेतलेल्या २,७८५ लोकांपैकी एकूण २६० जणांना स्मृतिभ्रंश झाला होता, आणि गटांमधील फरक हा या लहान संख्येतीलच होता. शिवाय स्मृतिभ्रंश कोणाला झाला हे प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या संपूर्ण तपासणीने ठरलेले नव्हते, असा आक्षेपही टीकाकारांनी घेतला, आणि तो विचार करण्याजोगा आहे. यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे. ज्या बॉल यांनी हा व्यायाम निर्माण केला, त्या संशोधनाच्या प्रमुखांपैकी एक होत्या, आणि तो व्यायाम विकणाऱ्या कंपनीत त्यांचे भागही होते. हे कोणी उघडकीस आणलेले गुपित नव्हे. ॲक्टिव्हच्या प्रसिद्ध निबंधांतच त्यांनी हा हितसंबंध स्पष्ट नोंदवलेला आहे.

येथेच प्रस्तुत लेखकाला जे सांगावयाचे आहे ते सांगतो. सल्लागाराचा हितसंबंध असणे हा दोष नव्हे, कारण ज्याने एखादे साधन आयुष्यभर घडवले त्यालाच त्याची जाण असते. दोष असतो तो तो हितसंबंध झाकण्यात, आणि त्याहूनही अधिक, आपल्या मालाविरुद्ध निकाल लागू शकेल अशी चाचणी टाळण्यात. अमुक सल्लागार थोर आहे, एवढ्याने ग्राहकाचे रक्षण होत नाही. तो सल्लागार कंपनीला ‘नाही’ म्हणू शकतो की नाही, आणि त्याच्या ‘नाही’ला तेथे वजन आहे की नाही, यावर ते अवलंबून असते.

पॉझिट सायन्सने या कसोटीचा काही भाग पार केला आहे. कंपनीच्याच पैशाने झालेल्या ‘इम्पॅक्ट’ या चाचणीत ४८७ वृद्धांपैकी एका गटाने चाळीस तास व्यायाम केले आणि दुसऱ्याने शैक्षणिक चित्रफिती पाहून प्रश्नोत्तरे सोडवली. मेयो क्लिनिकचे ग्लेन स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ऐकलेले लक्षात ठेवण्याच्या कसोटीवर पहिल्या गटाचे गुण सरासरी ३.९ ने वाढले, तर दुसऱ्याचे १.८ ने. नुसत्या सरावाने, नुसत्या आशेनेही काही वाढ होते, आणि खऱ्या परिणामाचे मोजमाप त्या वाढीच्या पलीकडे करावे लागते, हे या दुसऱ्या आकड्यावरून कळते. तुलनेचा गट पोकळ न ठेवता त्यालाही काम देणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

परंतु सर्व शास्त्रज्ञ या धंद्याशी सहमत झाले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. एड्रियन ओवेन यांनी ११,४३० लोकांवर, ‘बीबीसी’च्या साहाय्याने, सहा आठवड्यांचा प्रयोग करून २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले की, लोक ज्याचा सराव करतात त्यात ते तरबेज होतात, पण इतर बौद्धिक कामांत त्याचा फायदा दिसत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्टॅनफर्ड येथील दीर्घायुष्य केंद्र आणि मॅक्स प्लांक संस्था यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनावर सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. ब्रेन गेम्सच्या दाव्यांना पुरेसा आधार नाही, असे त्यात म्हटले होते. दोनच महिन्यांत शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याचा प्रतिवाद केला, आणि त्यांत मर्झेनिक अग्रभागी होते. २०१६ मध्ये डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी साऱ्या वाङ्मयाचा आढावा घेऊन दोन्ही बाजूंचे दावे तोलले, आणि नेमक्या शिकवलेल्या कामात सुधारणा होते याचे पुरावे भक्कम असले, तरी रोजच्या जीवनातील कामगिरी सुधारते याचे पुरावे क्षीण आहेत, असा निष्कर्ष काढला.

याच वर्षी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला काय घडले, ते पाहिले म्हणजे सल्लागारांच्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. ‘लुमॉसिटी’ या लोकप्रिय साधनाची मालक ल्युमॉस लॅब्स ही कंपनी, खेळांमुळे नोकरीत वा शाळेत यश मिळते आणि वार्धक्यातील बुद्धिक्षय लांबणीवर पडतो, असे दावे करीत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०१६ मध्ये सांगितले की या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, आणि जाहिरातींतील काही अनुभवकथने बक्षिसांच्या स्पर्धांतून जमवलेली होती, हे ग्राहकांना सांगितले गेले नव्हते. कंपनीला २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. या कंपनीशीही शास्त्रज्ञ जोडलेले होते. म्हणजे शास्त्रज्ञांचे सान्निध्य दोन्हीकडे होते. अधिकाराने उठून जाहिरातीचा मसुदा रोखणारे कोणी मात्र पुरेसे बळकट नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सर्व दूरचे वाटण्याचे कारण नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा पुण्यामुंबईच्या घराघरांत ही ॲप्स वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर येऊन पोहोचली आहेत, आणि नातवाने भेट म्हणून त्यांची वर्गणी भरणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वर सांगितलेल्या ॲक्टिव्ह आणि इम्पॅक्ट या चाचण्या अमेरिकेतील लोकांवर झाल्या. आपल्याकडील आहार, शिक्षण, भाषा आणि आजार वेगळे असल्याने त्यांची फळे जशीच्या तशी आपल्याला लागू होतील, असे गृहीत धरता येत नाही. व्यायामाला नाकारण्याचेही कारण नाही; तो केल्याने नुकसान होत नाही, अवधान लावून केल्यास काही लाभ होण्याचा संभव आहे, आणि बॉल यांच्या व्यायामासारख्या निवडक पद्धतींमागे खरे संशोधन आहे. फक्त त्याच्या भरवशावर चालणे, झोप, रक्तदाब आणि मधुमेह यांवरील नियंत्रण, ऐकू कमी येत असल्यास त्याची तपासणी, आणि माणसांशी बोलणे यांची आबाळ होऊ देऊ नये.

म्हणून एखाद्या कंपनीच्या नावापुढे संचालक व सल्लागारांची यादी दिसली, तर त्यातील पदव्या मोजण्यापूर्वी एवढेच पाहावे की, यांपैकी कोणाचे भाग कंपनीत आहेत हे कंपनी स्वतः सांगते काय, तिच्या व्यायामांची पारख तिच्या पगारावर नसलेल्या कोणी केली आहे काय, आणि निकाल प्रतिकूल लागला तेव्हा तोही तिने प्रसिद्ध केला काय. ज्या कंपनीचे कारभारी या तिन्ही प्रश्नांना निर्भयपणे उत्तर देतात, त्यांच्या मालाकडे आशेने पाहावे; जे देत नाहीत, त्यांच्या यादीत कितीही मोठी नावे असोत, आपल्या वृद्धांच्या मनातील धास्तीचा व्यापार त्यांच्या हाती सोपवू नये.