नवा डिजिटल कॅमेरा : विकत घेण्याआधी पारखून कसा घ्यावा?



शाळेसाठी कॅमेरा घ्यायचं ठरलं की आपण काय करतो? दुकानात जातो, "किती मेगापिक्सेल?" विचारतो, काउंटरवरच एक फोटो काढून मागच्या छोट्या पडद्यावर बघतो, "छान आलाय की!" म्हणतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. आम्हीही अगदी असंच केलं होतं. लोकवर्गणीतून जमलेल्या अठरा हजारांत भरपूर झूम असलेला, वीस मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा आणला. मैदानावरचे फोटो सुरेख आले. पण जानेवारीत संध्याकाळी स्नेहसंमेलन झालं आणि रंगमंचावरचे जवळजवळ सगळे फोटो पुसट निघाले. लेझीम खेळणाऱ्या मुलींचे हात म्हणजे नुसते पांढरे पट्टे!

आमच्या शाळेतली बरीच मुलं ऊसतोड कामगारांची. आईवडील दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात आणि मुलं आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणजे स्नेहसंमेलनात ही मुलं रंगमंचावर असतात, पण बघायला त्यांचे आईवडील गावात नसतात. हंगाम संपल्यावर एका मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, पोरगी लई झाक नाचली म्हनं. फोटू हाय का?" मी संगणक उघडला. मुलगी कोणती हे मला ओळखता येत होतं, तिच्या आईला येत नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, पुढचा कॅमेरा वापरून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

हा लेख म्हणजे त्यानंतर आम्ही जे शिकलो त्याची मांडणी आहे. घरासाठी कॅमेरा घेणाऱ्या पालकांनाही तो उपयोगी पडेल.

फोटो पुसट का आले?

प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये त्याची माहिती साठवलेली असते. संगणकावर फोटोच्या गुणधर्मांत ती दिसते. आमच्या पुसट फोटोंत शटरचा वेग होता १/१५ सेकंद. म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा होता.

आता साधं गणित करा. लेझीम खेळताना हात सेकंदाला दीड मीटर वेगाने हलतो असं धरू. १/१५ सेकंदात तो १० सेंटीमीटर सरकतो. म्हणून पट्टा! शटर १/२५० सेकंद ठेवलं असतं तर हात फक्त ६ मिलिमीटर सरकला असता आणि फोटो स्पष्ट दिसला असता.

मग कॅमेऱ्याने १/२५० का नाही घेतलं? कारण प्रकाश पुरेसा नव्हता. भर उन्हात प्रकाश साधारण एक लाख लक्स असतो, तर दिव्यांच्या खोलीत काही शे लक्स. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र तेवढा प्रकाश गोळा करायला जास्त वेळ लागतो.

प्रकाश कमी असेल तर कॅमेऱ्याकडे तीनच वाटा असतात :

१. शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. यात हलणारी वस्तू पुसट होते.
२. आयएसओ वाढवणं, म्हणजे मिळालेला संकेत मोठा करणं. यात फोटोत रवा सांडल्यासारखे कण दिसतात.
३. भिंगाचं छिद्र मोठं करणं. यात प्रकाशच जास्त येतो, पण ते भिंगावर अवलंबून असतं.

भिंगावर 'एफ'पुढे आकडा लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ ला चौपट प्रकाश मिळतो आणि एफ १.८ ला सुमारे साडेनऊ पट. आमचा कॅमेरा झूम केल्यावर एफ ५.६ च्या खाली जातच नव्हता. "हात हलला तरी फोटो हलणार नाही" असं खोक्यावर लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण ती सोय फोटो काढणाऱ्याच्या हाताचा थरकाप सांभाळते, नाचणाऱ्या मुलीचा हात थांबवत नाही!

मेगापिक्सेलची भूल

कोडॅक कंपनीतले अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला डिजिटल कॅमेरा फक्त ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. त्या काळी पिक्सेल वाढवणं गरजेचंच होतं. आज आपल्याला किती लागतात ते बघू.

नेहमीचा ६ बाय ४ इंची फोटो इंचाला ३०० ठिपके या दराने छापायचा तर १८०० × १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. पूर्ण ए-फोर पानभर छापायला सुमारे पावणेनऊ. शाळेच्या कामाला बारा मेगापिक्सेल भरपूर झाले.

खरा प्रश्न आहे, हे पिक्सेल किती जागेत बसवलेत? फोटो टिपणाऱ्या चिपला सेन्सर म्हणतात. छोट्या झूम कॅमेऱ्यांत तो बहुधा ६.१७ × ४.५५ मिलिमीटर असतो, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर. भिंग बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत 'एपीएस-सी' आकाराचा सेन्सर असतो, साधारण २३.५ × १५.६ म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटर. तेरा पट!

पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस तोच, पण पाणी कशात जास्त साठेल? प्रकाशाचंही तसंच. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "किती मेगापिक्सेल?" असा विचारू नका. "सेन्सर केवढा आहे आणि भिंग एफ कितीपासून सुरू होतं?" असं विचारा.

झूमचंही तसंच. ऑप्टिकल झूममध्ये भिंग सरकून चित्र मोठं होतं. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं, ते तुम्ही घरी संगणकावरही करू शकता. त्याचे पैसे देऊ नका.

दुकानात जाताना

आधी कागदावर लिहा : आपण फोटो कशाचे काढणार? आमची यादी अशी झाली : संध्याकाळचा रंगमंच, वर्गातले उपक्रम, मैदानी स्पर्धा, सगळ्या वर्गाचा एकत्र फोटो. यादीतलं सगळ्यात अवघड काम जो कॅमेरा करेल तो बाकीची कामं बहुतेक करतोच. आमचं अवघड काम होतं रंगमंच.

सोबत हे न्या : एक रिकामं मेमरी कार्ड, पेन-वही, आपला मोबाईल आणि एक वर्तमानपत्र. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुकानदाराला आधीच सांगा, "दादा, अर्धा तास वापरून बघायचाय, माझ्या कार्डावर फोटो घेऊन घरी बघणार, मग सांगणार." काही जण नाही म्हणतात. जो हो म्हणतो त्याच्याकडेच जा. ओळखीच्या फोटोग्राफरकडे तोच कॅमेरा असेल तर एक दिवस मागून घ्या, नाहीतर भाड्याने आणा. चुकीच्या खरेदीपेक्षा एका दिवसाचं भाडं कितीतरी स्वस्त.

सात चाचण्या

प्रत्येक कॅमेऱ्यावर याच चाचण्या याच क्रमाने घ्या, म्हणजे तुलना न्याय्य होईल. फ्लॅश बंद ठेवा.

*१. वर्तमानपत्र.* पानं उलगडून भिंतीवर सपाट चिकटवा आणि समोरून सरळ फोटो घ्या. नंतर मोठ्या पडद्यावर चारही कोपरे बघा. बारीक अक्षरांवरचे अनुस्वार आणि रफार वाचता येतात का? मध्ये स्पष्ट आणि चारही कोपऱ्यांत थोडं मऊ असेल तर चालतं. पण एकच बाजू पुसट असेल आणि कॅमेरा सरळ धरला होता याची खात्री असेल, तर त्या भिंगात दोष असू शकतो. दुसरा नग मागा.

*२. अंधारा कोपरा.* दुकानाच्या मागच्या, कमी उजेडाच्या भागात उभ्या माणसाचा फोटो आयएसओ ८००, १६००, ३२०० आणि ६४०० ठेवून घ्या. कोणत्या आकड्यापर्यंत चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो ते लिहून ठेवा.

*३. हलणारा हात.* सोबतच्या माणसाला टाळ्या वाजवायला सांगा. शटर १/२५० वर ठेवा आणि झूम करून फोटो घ्या. फोटो काळा आला तर समजा की तेवढ्या उजेडात हा कॅमेरा रंगमंचाला पुरणार नाही.

*४. बटण आणि क्षण.* मोबाईलवर स्टॉपवॉच चालू करा आणि बरोबर पाचव्या सेकंदाला बटण दाबा. फोटोत किती दिसतंय? दहा वेळा करा. आपल्या बोटाची चूक सगळ्या कॅमेऱ्यांना सारखीच लागू होते, त्यामुळे उशीर करणारा कॅमेरा लगेच उघडा पडतो. शर्यतीत फीत तुटताना हा उशीर फार महाग पडतो.

*५. दारातला चेहरा.* एकाला उजेडाच्या दारात, बाहेरच्या उन्हाकडे पाठ करून उभं करा. चेहरा काळा पडेल. आता उजेड कमी-जास्त करायची सोय शोधा, तिथे अधिक आणि उणे अशी खूण असते. ती अधिककडे नेऊन पुन्हा फोटो घ्या. हे किती पटकन जमलं? कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे पांढऱ्या गणवेशातला सगळा वर्ग समोर असला की तो फोटो मुद्दाम काळसर करतो आणि आपल्या मुलांचे सावळे चेहरे आणखी काळे दिसतात. तेव्हा ही सोय रोज लागणार आहे.

*६. झाकण लावून फोटो.* भिंगाचं झाकण लावा, आयएसओ कमी ठेवा आणि १/६० सेकंदाचा फोटो घ्या. संपूर्ण काळा यायला हवा. दोन-तीन फोटोंत त्याच जागी चमकता ठिपका दिसला तर तो नग घेऊ नका.

*७. गळ्यात दहा मिनिटं.* कॅमेरा गळ्यात अडकवून दुकानात फिरा. मेनू समजतो का? चष्मा लावून पडदा दिसतो का? शाळेत तो एकटे तुम्हीच वापरणार नाही, म्हणून शक्य असेल तर दोन शिक्षक जा.

याच जागी, याच दृश्यांचे फोटो आपल्या मोबाईलनेही घ्या. ही तुलना टाळू नका.

निर्णय घरी, मोठ्या पडद्यावर

कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर सगळंच सुंदर दिसतं. फोटो संगणकावर पूर्ण आकारात बघा, शक्य असेल तर दोन फोटो ६ बाय ४ छापून आणा. कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा हे न सांगता सहकाऱ्यांना निवडायला लावा. किंमत माहीत असली की महागडा फोटो आपोआप चांगला दिसू लागतो!

आमच्या तुलनेत एक गोष्ट अनपेक्षित निघाली. दिवसाउजेडी मुख्याध्यापकांच्या मोबाईलने छोट्या झूम कॅमेऱ्याइतकेच चांगले फोटो काढले. म्हणजे तसा आणखी एक कॅमेरा घेणं वाया गेलं असतं. मोबाईल हरला तो फक्त लांबच्या, हलत्या, कमी उजेडातल्या फोटोंत. म्हणून आम्ही एपीएस-सी सेन्सरचा साधा, थोड्या जुन्या मॉडेलचा कॅमेरा, त्याचं नेहमीचं भिंग आणि ५० मिलिमीटर एफ १.८ चं एक स्वस्त भिंग घेतलं. या भिंगाला झूम नाही. पाच मीटरवरून रंगमंचाचा जेमतेम सव्वादोन मीटर भाग मावतो, म्हणून पुढेमागे चालावं लागतं. ही अडचण वापरून बघताना कळली होती आणि ती आम्ही समजून-उमजून स्वीकारली. पैसे गेल्यावर कळली असती तर मनस्ताप झाला असता.

पैसे देण्याआधी शेवटचं : जीएसटीचं पक्कं बिल घ्या. खोक्यावरचा आणि कॅमेऱ्यावरचा क्रमांक जुळतो का बघा. वॉरंटी कंपनीची की फक्त दुकानाची, ते विचारा. जास्तीची बॅटरी आणि कार्ड यांची किंमत आधीच धरा. मेमरी कार्डावर इंग्रजी 'सी' अक्षराच्या आत १० लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याचा वेग. त्याहून हळू कार्ड नको.

वर्गातही उपयोग करा

ही पारख मुलांसमोर केली तर दोन-तीन तासिका रंगतात. सातवी-आठवीला सेन्सरचं क्षेत्रफळ आणि गुणोत्तर काढायला द्या. वेग, अंतर, वेळ यांचं उदाहरण म्हणून लेझीमचा हात घ्या. वर्तमानपत्राचे दोन फोटो दाखवून "कोणता चांगला आणि का?" विचारा. जाहिरात काय सांगते आणि तपासल्यावर काय दिसतं, हा फरक मुलांना एकदा उमगला की तो कॅमेऱ्यापुरता राहत नाही. मुलांचे फोटो कुठेही टाकण्याआधी मात्र पालकांची परवानगी जरूर घ्या.

ज्या मुलीचा फोटो पुसट आला ती आता दुसऱ्या शाळेत गेली. तिचा तो नाच परत होणार नाही, याची रुखरुख राहीलच. पण यंदा हंगाम संपवून जे आईवडील गावी परतले, त्यांना आम्ही आपापल्या मुलाचा ६ बाय ४ चा एकेक फोटो हातात दिला. कोण कोणतं मूल हे कुणालाही विचारावं लागलं नाही.

तेव्हा कॅमेरा घ्या, पण आधी वापरून बघा. अर्धा तास दुकानात, एक तास घरी. एवढा वेळ लोकवर्गणीच्या पैशासाठी आपण नक्कीच देऊ शकतो.