पुराणातले देव, तैलरंगातले देह

पॅरिसच्या १८६३च्या सलोंमध्ये, म्हणजे सरकारी कलाप्रदर्शनात, अलेक्सांद्र काबानेलचं ‘व्हीनसचा जन्म’ लागलं आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियननं ते विकत घेतलं. १८७९मध्ये बुगरो या फ्रेंच चित्रकारानं त्याच विषयावर भलामोठा कॅनव्हास रंगवला. देह जिवंत मॉडेलवरून अभ्यासलेला, विषय मात्र पुराणातला. गुस्ताव कुर्बेसारख्या कट्टर वास्तववाद्याला हा खटाटोपच अमान्य होता. जे डोळ्यांना दिसत नाही, ते रंगवायचं कशाला? त्या वादात बडोद्यानं, नकळत का होईना, आपलंही म्हणणं मांडलं.

सर टी. माधवराव त्रावणकोरची दिवाणगिरी करून पुढे बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्याच ओळखीतून राजा रविवर्मा बडोद्याला आले आणि तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी चित्रकार म्हणून मान्यता पावले. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराला काम करताना पाहत रविवर्मांनी तैलरंगाचं तंत्र आत्मसात केलं होतं. १८८८मध्ये सयाजीरावांनी रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रं सांगितली. मोबदला ठरला ५० हजार रुपये.

खरी अडचण पोशाखाची होती. दमयंती नेसायची काय? सुभद्रेचे दागिने कुठल्या प्रांताचे? रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा उत्तर हिंदुस्थानभर फिरले, पण सगळ्या देशाला चालेल असा एकच वेश काही सापडेना. अखेर त्यांनी साडी पक्की केली आणि पुराणातल्या स्त्रिया बघणाऱ्यांच्या आयाबहिणींसारख्या दिसू लागल्या. शंतनू-मत्स्यगंधा, नल-दमयंती, हरिश्चंद्र-तारामती, कंस-माया अशी ही मालिका १८९०मध्ये पूर्ण झाली. चित्रं आधी त्रिवेंद्रमला आणि मग बडोद्यात लोकांसाठी खुली झाली, तेव्हा ती बघायला झुंबड उडाली.

फ्रान्सशी असलेला फरक मला इथे दिसतो. व्हीनसची पूजा करणारं पॅरिसमध्ये कुणी उरलं नव्हतं. देवी हे नग्न देह रंगवण्याचं सभ्य निमित्त झालं होतं. बडोद्यातल्या प्रेक्षकाला मात्र कथा तोंडपाठ होती आणि श्रद्धा शाबूत होती. तिथे वास्तवदर्शी शैलीनं देवाला देहाचं वजन दिलं, पायाखाली जमीन दिली.

पुढचा प्रवास झपाट्याचा. १८९४मध्ये मुंबईत निघालेला रविवर्मांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि ओलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रतींमुळे, देव घरोघरी भिंतींवर आले. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके याच छापखान्याशी जोडले गेले. १९१३मध्ये त्यांनी हरिश्चंद्राला पडद्यावर चालतंबोलतं नाही, तरी चालतं केलं.

कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींनी रविवर्मांवर नाटकीपणाचा ठपका ठेवला. नाटकीपणा आहेच. पण १८८०मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ हे नाटक डोक्यावर घेणाऱ्या समाजाला पुराण रंगमंचावरच भेटत होतं. चित्रकारानं ती ओळखीची भाषा वापरली, हा दोष कसा?

मूळ कॅनव्हास आज बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. रविवर्मांना आपण बहुधा कॅलेंडरावरून तोलतो. जरीचा पोत आणि कातडीखालचं रक्त छापात हरवतं. त्यांच्या वास्तववादाचा न्यायनिवाडा करायचा, तर तो बडोद्यातच व्हायला हवा.