हलगी हवी की व्हायोलिन?

आपल्या आवडत्या गायकानं, संगीतकारानं कधी बदलूच नये, असं आपल्याला का वाटतं हो? साड्यांची फॅशन आपण बदलतो. पाट्यावरवंट्यावरून मिक्सरवर येतो आणि कुरकुर करत का होईना, त्याची सवय करून घेतो. लेकीचं बारसं असलं की सतरा नावं धुंडाळून नवंच काहीतरी काढतो. पण गाण्याची गोष्ट निघाली की मात्र आपलं ठरलेलं असतं, "ते आधीचं होतं ना, तस्संच पाहिजे!"

अजय-अतुल या जोडीचंच बघा ना. पुणे जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत वाढलेले हे दोघे गोगावले भाऊ आपल्या घरात नेमके कधी शिरले, ते आता आठवतही नाही. २००४ साली 'सावरखेड एक गाव' आणि 'अगं बाई अरेच्चा!' हे चित्रपट आले आणि देवीचा गोंधळ, जागर पुन्हा तरुण पोरांच्या ओठी आला. २००६ च्या 'जत्रा'मधल्या 'कोंबडी पळाली'नं आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्या आवाजात लग्नाचे मांडव दणाणून सोडले. मग २००९ मध्ये 'जोगवा' आला. त्याच्या संगीतासाठी या दोघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही. २०१० च्या पहिल्याच दिवशी 'नटरंग' आला आणि ज्या घरांत लावणीचं नाव काढलं की दार लोटून घ्यायचे, त्या घरांतल्या बायकाही भांडी घासताना लावणी गुणगुणायला लागल्या.

ढोलकी, हलगी, संबळ, टाळ. अजय-अतुल म्हणजे हा आवाज, असं आपल्या मनात पक्कं बसलं. "आपल्या मातीतलं संगीत" असं आपण अभिमानानं सांगायचो.

आणि मग २०१६ साली 'सैराट' आला.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिलला लागला, पण गाणी त्याआधीच घराघरांत पोचली होती. करमाळ्याकडचं गाव, ऊस, विहीर, मासेमाराचा मुलगा परश्या आणि पाटलाची लेक आर्ची. गोष्ट पक्की गावातली. आणि पहिलंच गाणं सुरू झालं ते व्हायोलिनच्या भल्यामोठ्या लोंढ्यानं! त्यासाठी हे दोघे भाऊ थेट लॉस एंजेलिसला गेले होते. हॉलिवूडच्या मोठमोठ्या चित्रपटांचं संगीत जिथं रेकॉर्ड होतं, त्या सोनीच्या स्टुडिओत तिथल्या वादकांचा पूर्ण ताफा बसवून त्यांनी हे वाजवून घेतलं.

आमच्या वर्ध्यातल्या भिशीत त्या महिन्यात दुसरा विषयच नव्हता. दोन तट पडले. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू, दर नवरात्रात देवीची गाणी म्हणणाऱ्या, त्या तर चक्क रुसल्याच. "अवं माय, हे काय इंग्रजी पिक्चरसारखं वाजून राहिलं! पोट्टा विहिरीत उडी मारून राहिला अन् मागं साहेबांचा बॅंड!" सगळ्या खो खो हसल्या. दुसरी एक मैत्रीण शाळेत संगीत शिकवते. ती म्हणाली, "यात इळयराजांची छाप आहे." तिचं चुकीचं नव्हतं. दक्षिणेतल्या या थोर संगीतकाराला अजय-अतुल स्वतःच मानतात, आणि तमिळ खेड्यातल्या गोष्टींना व्हायोलिनचा साज चढवण्याचं काम त्यांनी कितीतरी वर्षं आधी केलेलं आहे. तिसरी, नुकतीच लग्न होऊन आलेली सून, काही बोललीच नाही. निघताना पायरीवर चप्पल घालता घालता मला हळूच म्हणाली, "ताई, मी ते चाळीसदा तरी ऐकलं असेल."

पण मला विचारात पाडलं ते चौथीनं. ती बचत गटाचं काम करते, खेडोपाडी हिंडते. ती म्हणाली, "तुमचं मत काही असो, पण ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या डफडं वाजवण्यात गेल्या, त्यांच्या पोटाचं काय? आता लग्नात डीजे आला, धुमाल आला. निदान सिनेमात तरी त्यांचं वाद्य होतं. तिथंही परदेशातले वादक आले तर यांनी जावं कुठं?" या प्रश्नाला कुणाजवळच उत्तर नव्हतं. आजही माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की 'सैराट'मधूनही ठेका हद्दपार झालेला नव्हता. 'झिंगाट' ऐकताना पाय उचलला जातो तो आपल्या वरातीच्या ठेक्यामुळंच.

तसं बघितलं तर ही रुसवाफुगवी आजची नाही. आपल्या विदर्भाचाच दाखला देते. नागपुरात जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचं 'वीरतनय' हे नाटक १८९६ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. ही मंडळी म्हणजे 'सौभद्र' करणारी, साकी-दिंडी आणि कीर्तनाच्या वळणाच्या चालींनी महाराष्ट्राला वेड लावणारी. तिच्याच रंगमंचावर कोल्हटकरांनी पारशी-उर्दू नाटकांच्या धर्तीच्या नव्या चाली आणल्या. जुन्या चालींवर जीव असलेल्यांनी नाकं मुरडली, नव्या पोरांनी डोक्यावर घेतलं. आणि आज? दोन्ही काळांतली पदं आपण 'जुनी नाट्यगीतं' म्हणून एकाच डब्यात भरून ठेवतो! तिकडं अमेरिकेतही बॉब डिलन या गायकानं १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात साधी गिटार सोडून विजेवरची गिटार हातात घेतली, तेव्हा त्याच्याच चाहत्यांपैकी काहींनी हुर्यो उडवली होती. पुढं २०१६ साली त्याच माणसाला साहित्याचं नोबेल मिळालं.

म्हणजे बदललं म्हणून वाईट, असं नसतं. पण बदललं म्हणून चांगलं, असंही नसतं ना? मग ओळखायचं कसं?

मी आपलं माझ्यापुरतं एक माप केलंय. आवाज बदलला, तो कुणासाठी बदलला, एवढं बघायचं.

आठवून बघा, आपल्या लहानपणी सिनेमात ते शंभर व्हायोलिनचं संगीत कुणाच्या वाट्याला यायचं? शिफॉनची साडी नेसून बर्फात धावणाऱ्या नायिकेच्या. मोठ्या बंगल्याच्या जिन्यावरून उतरणाऱ्या श्रीमंताच्या लेकीच्या. गावातली मुलगी पडद्यावर आली की तिच्या मागं घुंगरू नाहीतर विनोदी तुणतुणं! तिचं प्रेम म्हणजे खट्याळपणा, शेतातली छेडछाड. तिलाही आतून काही भरून येत असेल, रात्र रात्र झोप लागत नसेल, हे वाद्यांना जणू माहीतच नव्हतं.

'सैराट'मध्ये ते मोठं संगीत पहिल्यांदा गावात आलं, असं मला वाटलं. बुलेट चालवणाऱ्या, ट्रॅक्टरवर बसणाऱ्या आर्चीला तिचं स्वतःचं गाणं मिळालं, श्रेया घोषालच्या आवाजात. बघितलं जाणारी ती नाही, बघणारी ती! आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. तेव्हा शाळेत शिकणारी पोर. राष्ट्रीय पुरस्कारांत तिची खास दखल घेतली गेली. आमच्या वर्ध्याहून तिचा मुलूख पाचशे किलोमीटरच्या वर. तिथली बोली वेगळी, आपली वेगळी. ते 'याड' म्हणतात, आपण 'येड'. तरी पुलगावच्या, आर्वीच्या, हिंगणघाटच्या पोरींना ती आपली वाटली. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलीच्या मनाला कुणीतरी एवढा मोठा मान दिला, हे त्यांना शब्दांत सांगता आलं नसेल, पण कानांना ते कळलं होतं.

आणि ज्यांना वाटलं की हे दोघे नुसती श्रीमंती दाखवून राहिले, त्यांनी चित्रपटाचा शेवट आठवावा. चारही गाणी आधीच्या भागात संपतात. ती दोघं पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टीत संसार मांडतात, तिथं गाणं नाही. आणि शेवटी माहेरची माणसं साड्या-भांडी घेऊन येतात आणि त्यानंतर जे घडतं, त्या वेळी तर काहीच वाजत नाही. ते तान्हं लेकरू रक्तातली पावलं उमटवत दारातून बाहेर पडतं आणि पडद्यावर नुसती शांतता. तिथं एक व्हायोलिन वाजलं असतं तर आपण रडून मोकळ्या झालो असतो. त्यांनी मोकळं होऊ दिलं नाही. संगीत कुठं वाजवायचं हे पुष्कळांना कळतं, कुठं थांबवायचं हे कळायला मात्र मन जागं लागतं.

म्हणूनच मला त्या वेळची एक गोष्ट फार खटकली. जिल्ह्यातल्याच एका खेड्यात हळदीला गेले होते. रात्री 'झिंगाट' लागलं आणि आज्या, काकवा, आत्या, सगळ्या पदर खोचून नाचल्या. त्यात सगळ्यात जोरात नाचणाऱ्या बाईनं महिनाभरापूर्वी आपल्या मुलीचं कॉलेज बंद केलं होतं. का? तर दुसऱ्या जातीच्या मुलासोबत बसस्टॉपवर बोलताना दिसली म्हणून. मुलगी तिथंच होती, कोपऱ्यात खुर्च्या मोजत. गाणं आपल्याला चालतं बाई, गोष्ट चालत नाही!

कधीकधी मला शंका येते, की "या गाण्यांनी आवाज बिघडवला" असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनातली खरी भीती "या गाण्यांनी पोरी बिघडतील" ही तर नसते? हलगीवर नाचून पोरगी घरी येते. व्हायोलिन ऐकून ती विचारात पडते. विचारात पडलेली मुलगी जास्त घाबरवते आपल्याला.

आता याच्या उलट उदाहरणही सांगते, नाहीतर म्हणाल ही अजय-अतुलची वकिली करून राहिली. २०१८ साली 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला. संगीत यांचंच. 'झिंगाट'ची चाल तीच, शब्द हिंदी, गाव उदयपूर. त्या वेळी मराठी रसिक चिडले आणि मीही त्यांच्यातलीच. वाद्यं तर तशीच होती, मग बिनसलं कुठं? मला वाटतं, ज्या पोरीसाठी तो आवाज मोठा केला होता, तीच तिथून उठून गेली होती. राजवाड्यातल्या लेकीला व्हायोलिन मिळण्यात नवल ते काय? ते तर तिच्या मागं आधीपासून वाजतच आलं होतं.

पुढं २०२२ मध्ये 'चंद्रमुखी' आला. पुन्हा ढोलकी कडाडली, श्रेया घोषालनं 'चंद्रा' गायलं आणि आमच्या काकूंनी जाहीर केलं, "आले बाई परत घरी!" मला हसू आलं. ते गेलेच कुठं होते? माहेरवाशीण सासरी जाऊन चार नव्या भाज्या शिकून येते, म्हणून तिच्या हातची झुणका-भाकर विसरली जाते का?

मैत्रिणींनो, आपल्या तरुणपणी ऐकलेलं गाणं आपल्याला तसंच हवं असतं, कारण त्या गाण्यात आपण असतो. आपलं वय, आपली स्वप्नं, न बोललेल्या गोष्टी. गाणं बदललं की कुणीतरी आपली पेटी उघडून सामान हलवल्यासारखं वाटतं. रुसायचा हक्क आपल्याला आहेच. पण लेकीचीही एक पेटी आहे आणि ती आत्ता भरली जाते आहे. तिच्यात काय ठेवायचं, ते ठरवायचा हक्क तिचा.

तेव्हा पुढच्या वेळी तिच्या मोबाइलवर काहीतरी अनोळखी वाजायला लागलं, तर "बंद कर ते" म्हणण्याआधी तिला जवळ बसवून एकदा विचारा, "यातलं तुला काय आवडतं गं?"

उत्तर वाद्यांबद्दलच असेल, असं नाही. पण ऐकून घ्या.