फिरतीवरच्या ताईचे इंटरनेट

पूर्वी वस्तीतल्या बाळंतिणीची आणि कमी वजनाच्या मुलाची नोंद रजिस्टरात होत असे, आणि ते रजिस्टर अंगणवाडीच्या पेटीत कुलूपबंद असे. आता ती नोंद ताईंच्या मोबाइलमध्ये असते. केंद्र सरकारचे 'पोषण ट्रॅकर' हे ॲप २०२१ मध्ये आले. आशाताईंनाही बरीचशी माहिती मोबाइलवरूनच पाठवावी लागते. कोणाच्या घरी क्षयरोग आहे, कोणती मुलगी गरोदर आहे, ही माहिती बाहेर फुटली तर त्या घराला चारचौघांत मान वर करता येत नाही. त्याच फोनवर ताईंचे बँकेचे ओटीपीही येतात. म्हणून फिरतीवर इंटरनेट कोठून घ्यायचे, हा प्रश्न आपल्या लेकी-सुनांच्या कामाचा आहे.

फुकटचे वायफाय सगळ्यांनाच हवेसे वाटते. रेल्वे स्थानकांवरची सेवा २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली, आणि तिचा गोरगरिबांना उपयोगही झाला. पण वायफायला नाव कोणीही कोणतेही देऊ शकतो. स्थानकाच्या किंवा दवाखान्याच्या नावासारखे नाव ठेवून शेजारच्या बाकावर बसलेला माणूसही जाळे टाकू शकतो. चांगली ॲप आपली माहिती बंद पाकिटातून पाठवतात, त्यामुळे मधला माणूस ती सहसा वाचू शकत नाही. मात्र तो खोटे पान पुढे करून पासवर्ड मागू शकतो. बातम्या, गाणी यांसाठी असे वायफाय चालेल; रुग्णाची नोंद आणि पैशाचा व्यवहार त्यावर नको.

त्यापेक्षा आपले सिम बरे. मात्र सिम जाहिरात पाहून घेऊ नये. ज्या पाड्यांवर फिरायचे, तेथे कोणाचे नेटवर्क येते हे तिथल्याच माणसांना विचारावे. जिओचे जाळे फोर-जी आणि फाइव्ह-जीचेच आहे. जुन्या साध्या फोनवर ते चालत नाही. डोंगरात फोन आपोआप टू-जीवर उतरतो, आणि तेथे एक जुने व्यंग आहे. टू-जीमध्ये टॉवर सिमची ओळख तपासतो, पण सिमला टॉवरची ओळख तपासता येत नाही. म्हणून खोटा टॉवर उभारून फसवे संदेश पाठवता येतात. थ्री-जीपासून ही तपासणी दोन्ही बाजूंनी होते. काही नव्या अँड्रॉइड फोनमध्ये टू-जी बंद ठेवण्याची सोय आहे. पण जेथे दुसरे नेटवर्कच नाही, तेथे ते बंद केले तर फोनच लागणार नाही.

सोबतच्या मदतनीस बाईंना हॉटस्पॉट द्यायचा असेल तर पासवर्ड आपला मोबाइल नंबर ठेवू नये, आणि काम झाले की तो बंद करावा. फुकट व्हीपीएनच्या नादी लागू नये. आपण काय पाहतो, कोठे जातो, हे त्या अनोळखी कंपनीच्या हातून जाते. संस्थेने स्वतःचे व्हीपीएन दिले असेल तर ते जरूर वापरावे.

खरी गोम फोनमध्ये आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन तापत होते, ॲप इंग्रजीत होते, दुरुस्तीचा खर्च पदरचा होता. ज्या फोनला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे थांबले, त्यावर चांगले नेटवर्क देऊन काय उपयोग? काम संस्थेचे असेल तर फोन, सिम आणि रिचार्ज संस्थेनेच द्यावे, ही मागणी संघटनेने लावून धरली पाहिजे. तोवर निदान कामाच्या ॲपला वेगळे कुलूप घालावे. संध्याकाळी घरची मुले त्याच फोनवर गेम खेळतात, आणि भलतेसलते ॲप तेथूनच आत येते.

सिमलाही पिन लावता येतो. मूळ पिन कंपनीला विचारून घ्यावा. तीनदा चुकला की सिम अडते. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय क्रमांक दिसतो, तो घरच्या वहीत आजच लिहून ठेवावा. फोन हरवला तर आधी सिम बंद करून त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे, पोलिसांत तक्रार द्यावी. मग २०२३ पासून सुरू असलेल्या 'संचार साथी'वर तो आयएमईआय टाकून फोन अडवता येतो. आपल्या नावावर किती सिम आहेत, हेही तेथेच दिसते. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेच्या शाखेची वाट न पाहता १९३० वर फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक त्याच वहीत उतरवून घ्यावा.