तंत्रनिकेतनाची पदविका : खर्च आणि परतावा

दहावीचा निकाल लागला की अनेक शेतकरी आणि कामगार कुटुंबांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला अथवा मुलीला तंत्रनिकेतनात पाठवावे, की लवकर कमावते करावे? हा निर्णय बहुधा शेजाऱ्यांच्या अनुभवावरून किंवा नुसत्या ऐकीव माहितीवर घेतला जातो. वस्तुतः तीन वर्षांची पदविका ही कुटुंबाने केलेली एक गुंतवणूकच होय. बियाणे व खते यांचा हिशेब मांडणाऱ्या शेतकऱ्याने या गुंतवणुकीचाही हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

खर्च कोणता धरावा?

शिक्षणशुल्क, पुस्तके, साहित्य व प्रवास हा खर्च सर्वांच्या ध्यानात येतो. वसतिगृहाचा खर्च मोजताना मात्र एक दक्षता घ्यावी. मुलगा घरी राहिला असता तरी त्याला जेवण लागलेच असते. म्हणून घरापेक्षा जो जादा खर्च येईल तेवढाच धरावा. याउलट एक मोठा खर्च सहसा विसरला जातो. तो म्हणजे तीन वर्षांत न मिळालेली कमाई. ती खिशातून जात नसल्याने दिसत नाही, तरी बहुधा तीच सर्वांत मोठी रक्कम असते.

लाभ मोजतानाही पदविकाधारकाचे संपूर्ण वेतन जमेस धरणे चुकीचे ठरेल. पदविका नसती तर जी कमाई झाली असती, तिच्याहून अधिक मिळणारी रक्कम हाच खरा लाभ होय.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून मानलेले आहेत. शुल्क, साहित्य आणि राहण्याचा जादा खर्च मिळून वर्षाला ३५,००० रुपये, म्हणजे तीन वर्षांचे १,०५,००० रुपये झाले. दुकानात मदतनीस म्हणून दरमहा ७,००० रुपये मिळाले असते, तर ३६ महिन्यांची बुडालेली कमाई २,५२,००० रुपये होते. त्यानंतरच्या वर्षी शिकाऊ उमेदवारीत दरमहा ८,००० रुपये मिळाले आणि मदतनीसाला तोवर ९,००० मिळू लागले, तर आणखी १२,००० रुपयांची तूट येते. एकूण गुंतवणूक ३,६९,००० रुपये.

पुढे पदविकाधारकाला १६,००० आणि मदतनीसाला १०,००० रुपये मिळाले, तर वर्षाचा जादा लाभ ७२,००० रुपये होतो व गुंतवणूक पाच वर्षे दीड महिन्यात भरून निघते. हीच तफावत ६,००० ऐवजी ३,००० रुपये असेल, तर दहा वर्षे तीन महिने लागतात. कर्ज काढले असल्यास व्याजामुळे हा काळ आणखी लांबतो. एक वर्ष अनुत्तीर्ण होणे म्हणजे वर्षाचा खर्च वाढणे आणि वर्षाची कमाई लांबणे, असा दुहेरी तोटा असतो. शिक्षण अर्धवट सुटले, तर खर्च झालेला राहतो आणि लाभ मात्र हाती येत नाही.

पदविकेने कोणती दारे उघडतात?

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ यात १९७३ साली दुरुस्ती होऊन पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांचा त्यात समावेश झाला. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदविकाधारकांचे किमान विद्यावेतन दरमहा ८,००० रुपये ठरविले. मात्र उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तिचे मोल अनुभवात आहे.

सार्वजनिक बांधकाम विभागातील स्थापत्य शाखेच्या कनिष्ठ अभियंता पदासाठी पदविका ही अर्हता आहे. २०२३ च्या भरतीत या पदाची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये होती. रेल्वेतील कनिष्ठ अभियंत्याचे सातव्या वेतन आयोगानुसारचे प्रारंभिक मूळ वेतन ३५,४०० रुपये आहे. अशा पदांसाठी स्पर्धा मोठी असते. म्हणून ती मिळतीलच असे गृहीत धरून कर्ज काढू नये.

पदविकेचा आणखी एक लाभ आकड्यांत सहज बसत नाही. पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावीमार्गे दोन आणि चार अशी सहा वर्षे लागतात. पदविकामार्गे तीन आणि तीन, अशी सहाच. वर्ष वाया जात नाही. शिवाय वाटेत तिसऱ्या वर्षी थांबून कमावते होण्याची मुभा राहते. घरची परिस्थिती बेभरवशाची असेल, तर ही मुभा फार मोलाची ठरते. दोन वर्षांचा औद्योगिक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट उपलब्ध आहे.

प्रवेशापूर्वी

शाखा निवडताना संस्थेत जाऊन प्रयोगशाळा व कर्मशाळा पाहाव्यात. मागील दोन-तीन वर्षांत किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, कोठे कामाला लागले आणि हाती किती वेतन पडते, हे माजी विद्यार्थ्यांनाच विचारावे. शासकीय व खासगी संस्थांच्या शुल्काची तुलना करावी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांत आपण बसतो काय, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी आणि मुदतीत अर्ज भरावा. शुल्काचा भार जितका हलका, तितका परतावा लवकर.

हिशेब मांडल्यावर काही घरांना पदविका लाभाची दिसेल, काहींना दुसरी वाट सोयीची वाटेल. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. कागदावर चार आकडे मांडून, मुलाचा वा मुलीचा कल विचारून घेतलेला निर्णय पुढे निभावणे सोपे जाते.