जोडनौकेच्या सुकाणूचे दोष : निदान आणि उपाय

‘कॅटमरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’वरून इंग्रजीत गेला. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरील कट्टुमरम् हा ओंडके बांधून केलेला तराफा होय. आज त्या नावाने ओळखली जाणारी दोन होड्यांची शिडाची नौका त्याहून सर्वस्वी निराळी आहे. आपला ‘सुकाणू’ हा शब्दही अरबी ‘सुक्कान’पासून आलेला. शब्दांच्या अशा प्रवासाचे भाषाभ्यासकास नवल वाटत नाही. परंतु एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी सांगितल्या की व्यवहारात घोटाळा होतो. ‘सुकाणू जड लागते’ ही जोडनौका हाकणाऱ्यांची तक्रार याच प्रकारची आहे. तिच्यात दोन स्वतंत्र दोष दडलेले असतात, आणि ते वेगळे केल्याखेरीज योग्य उपाय हाती लागत नाही.

उदाहरणादाखल कॅलिफोर्नियातील होबी आल्टर यांची, १९७० च्या सुमारास प्रचारात आलेली ‘होबी १६’ ही नौका घेऊ. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी सुमारे २.४ मीटर, वजन १४५ किलोग्रॅमच्या आसपास. तिच्या दोन्ही होड्यांच्या पिछाडीस एकेक सुकाणू असून त्यांचे दांडे एका आडव्या जोडदांडीने सांधलेले असतात.

पहिला दोष पात्याचा. नौका सरळ जात असता दांडा जवळजवळ मध्यावरच आहे, तरीही तो धरून ठेवण्यास जोर लागतो, असे आढळले तर पाते मागे कललेले आहे असे समजावे. पाण्याचा दाब पात्यावर पुढील कडेपासून साधारण चतुर्थांश रुंदीवर एकवटतो. बिजागऱ्यांच्या खिळींतून जाणारी रेषा या स्थानापासून जितकी पुढे, तितका दांडा जड. म्हणून पाते पूर्ण खाली उतरून पक्के अडकते की नाही, हे प्रथम पाहावे. नंतर त्याचे खालचे टोक थोडथोडे पुढे घ्यावे. मात्र अतिरेक झाल्यास पाते आपण होऊनच एका बाजूस वळू पाहते, हे विसरू नये.

दुसरा दोष समतोलाचा. येथे नौका सतत वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते व तिला सरळ ठेवण्यासाठी दांडा बराच तिरका धरावा लागतो. शिडांवरील वाऱ्याचा जोर पाण्याच्या आडव्या विरोधाच्या फार मागे पडल्याची ही खूण होय. अशा वेळी मोठे शीड किंचित सैल करावे, बसणाऱ्यांनी थोडे मागे सरकावे. एवढ्याने न भागल्यास डोलकाठीचा मागील कल कमी करावा. पाते कितीही सरळ केले तरी हा दोष जात नाही.

या दोहोंच्या आधी किनाऱ्यावरच दोन गोष्टी तपासाव्यात. पात्याचे टोक हाताने हलवून पाहावे. खिळी वा त्यांच्या बुशांत ढिलाई असल्यास झिजलेले भाग बदलावेत. मग दोन्ही पाती खाली सोडून त्यांच्या पुढील कडांमधील व मागील कडांमधील अंतर एकाच उंचीवर मोजावे. ही अंतरे समान, फार तर पुढचे सुमारे ३ मिलिमीटरने कमी असावे. तफावत अधिक असल्यास पाती परस्परांना विरोध करतात व वेग घटतो. जोडदांडीची लांबी बदलून ती दुरुस्त होते. ढिलाई असताना घेतलेले कोणतेही माप विश्वसनीय नसते, म्हणून हा क्रम पाळणे अगत्याचे. शिवाय एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही.

हा विचार केवळ सोयीचा नव्हे. ही नौका हलकी असल्याने वाऱ्यासमोरून वळताना तिचा वेग चटकन मरतो. दांडा झटक्याने ढकलल्यास पातीच अडसर बनतात आणि नौका वाऱ्याकडे तोंड करून थबकते. मग ती मागे सरकू लागते. वाऱ्याच्या दिशेस खडक असतील, तर थकलेला हात आणि सदोष सुकाणू यांची किंमत फार मोठी पडते. वळण संथपणे घ्यावे, हा कसबाचा भाग झाला. पण त्या कसबास साथ देणारे सुकाणू किनारा सोडण्यापूर्वीच सिद्ध असले पाहिजे.