किल्लारीच्या भूकंपानंतर गावं रुंद झाली, पण पायी फिरणं का अवघड झालं?

लातूर : गावठाण वाढवायचं ठरलं की ग्रामसभेत पहिली मागणी येते रुंद, सरळ रस्त्यांची. मागणी चुकीची नाही. पण १९९३ नंतर औसा, लोहारा, उमरगा भागात जी गावं नव्याने बसली, ती एकदा पायी फिरून पाहावीत.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी, सास्तूर परिसरात हजारो माणसं झोपेतच गेली. जीव घेतला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाने. गळू नये म्हणून माळवदावर मातीचे थर चढत गेले, तसं वजनही वाढलं. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. त्यात अरुंद बोळात ढिगारे पडले, आत अडकलेल्यांना काढणं मुश्कील झालं. मग रुंद रस्त्याची, मोकळ्या गावाची मागणी लोकांनीच केली.

सरकार, जागतिक बँक आणि देणगीदार संस्थांच्या मदतीने ५२ गावं नव्या जागी गेली. घराचं माप जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. बऱ्याच ठिकाणी एका मापाची घरं एका बाजूला आली आणि भावकी पांगली.

जुन्या गावात ढाळजेतून पाय बाहेर टाकला की गल्ली, पुढे पार, चावडी, मारुती, दुकान. म्हातारी माणसं भिंतीच्या सावलीने कुणाकडंही जाऊन यायची. नव्या गावात चौकोनी आखणी, प्रत्येक घर सुटं, पसारा जुन्याच्या कितीतरी पट. माणसं तेवढीच, पण या टोकाहून त्या टोकाला जायचं ते उन्हातून. नाली, नळ, दिव्याच्या तारा लांबल्या, म्हणजे ग्रामपंचायतीचा खर्चही आलाच.

दुसरीकडे, कमी पडझडीच्या गावांत लाखाहून जास्त घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत झाली. म्हणजे घर पक्कं करायला गल्ली मोडावीच लागते असं नाही. दोष भिंतीत अन् छतात होता. २१ मार्च २०२४ ला हिंगोली, नांदेडला हादरे बसले. जुनी माळवदं तिकडंही आहेत.

सध्या लेआउटचा नकाशा आला की रस्ता किती फुटी, एवढंच विचारलं जातं. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान किती पावलांवर? घरकुलवाल्यांचे प्लॉट पार शिवेला टाकलेत का? पाराला, झाडाला जागा सोडली का? अँब्युलन्स, पाण्याचा टँकर आत येईल असा मुख्य रस्ता हवाच. आतल्या गल्लीला मात्र तेवढी रुंदी कशाला, हेही नकाशा मंजूर होण्याआधीच विचारून घ्यावं.